खान्देशात कधी जावं, काय खावं: रस्त्यावरचं आणि सणावारांचं

गिरणाकाठ:

खान्देशात निघालेली मंडळी नेहमी विचारतात, "चांगलं हॉटेल सांगा." मी आधी विचारतो, "कुठल्या महिन्यात निघालात?" मार्गशीर्ष-पौषात जाणाऱ्याला मी यावल-रावेरच्या रस्त्याला लावतो. वैशाखात जाणाऱ्याला अमळनेर सांगतो. श्रावणात कुणी निघालं, तर तिकडे त्याचं एखादं ओळखीचं घर आहे का ते बघतो, कारण श्रावणातलं आपलं खरं खाणं रस्त्यावर मिळतच नाही. तिथी हुकली की पदार्थ हुकला, मग हॉटेल कितीही नावाजलेलं असो.

म्हणून हा धागा. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे आणि मालेगाव-सटाण्याचा पट्टाही धरा, तिकडेही घराघरात अहिराणी आहे. आपापल्या तालुक्याचं लिहा. जे स्वतः खाल्लंय, ज्या यात्रेत स्वतः उभे राहिलात, तेच लिहा. हॉटेलांची नावं नकोत. आचारी बदलतो, मालक बदलतो आणि दोन वर्षांनी वाचणारा माणूस भलतीच चव घेऊन परततो. गाव, रस्ता, महिना आणि पदार्थ एवढं पुरे.

सुरुवात शेवभाजीपासून करतो. मालेगावहून धुळ्याकडे किंवा धुळ्याहून जळगावकडे जाताना ती ढाब्याढाब्यावर मिळते, बाराही महिने मिळते, म्हणून बाहेरच्या माणसाची खान्देशाशी पहिली ओळख बहुतेक तिच्यामार्फतच होते. ती ओळख नीट व्हावी असं मला मनापासून वाटतं. ऑर्डर देण्याआधी भटारखान्याकडे एक नजर टाका. रस्सा पातेल्यात उकळत असला पाहिजे आणि शेव बाजूला कोरडी ठेवलेली असली पाहिजे. ही शेव चिवड्यात घालतात तिच्यापेक्षा बरीच जाड, ओवा-तिखट घातलेली आणि कडक तळलेली असते. ताट लागलं की मगच ती रश्श्यात पडते. वरून मऊ पडलेली आणि आत अजून करकरीत, तेवढ्या दोन-तीन मिनिटांत पहिले घास झाले पाहिजेत. आधीच कालवून ठेवली की तिचा लगदा होतो.

रश्श्याचा काळपटपणा भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा, आचेवर काळ्या केलेल्या कांद्याचा आणि खड्या मसाल्याचा असावा. वर लालभडक तेल आणि खाली पाणी, असं दिसलं तर मी सरळ खिचडी-कढी मागवतो. पार्सल घेतलंत तर रस्सा आणि शेव वेगळी बांधून मागा. चांगला ढाबेवाला न सांगताच तशी देतो, आणि तो ढाबा लक्षात ठेवण्यासारखा असतो.

आता तुम्ही लिहा.

लेवाची_लेक:

गिरणाकाठ भाऊ, चांगलं केलंत. माझं माहेर यावल तालुक्यातलं, तेव्हा भरिताचं मी लिहिते.

आधी वांगं. भरिताला लागतं ते मोठं, फिकट हिरवं, पांढुरक्या रेघांचं, कमी बियांचं. आमच्याकडे बामणोदच्या वांग्याचं नाव घेतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, तसं ते जळगावच्या केळीलाही आहे. पण बाजारातून तेच वांगं नेऊन पुण्या-मुंबईत गॅसवर भाजलं तर आमची चव येत नाही, कारण अर्धी चव जाळाची आहे. शेतात तुराट्या किंवा कपाशीच्या पळकाट्या पेटवून त्यावर वांगी भाजतात. हा जाळ भडकून उठतो आणि लवकर बसतो. वांग्याची साल सगळीकडून करपते, आतला गर वाफेवर शिजतो आणि धूर थेट गरात उतरतो. हिरव्या मिरच्याही त्याच आचेवर भाजून घेतात.

मग सोलणं. गरम वांगं देठाला धरून साल ओढायची, पाण्याखाली अजिबात धरायचं नाही. सोललेली वांगी बडगीत घालतात. बडगी म्हणजे लाकूड कोरून केलेलं खोलगट भांडं, त्यात लाकडी मुसळीनं वांगी ठेचायची. आमच्या घरी हे काम काका लोकांचं. ठोके जोरात घालायचे नाहीत, गराचे धागे तुटता कामा नयेत. मिक्सर लावला की भरताची चटणी झाली समजा. फोडणीत तेल मोकळ्या हातानं, मिरची-लसणाचा ठेचा, अख्खे शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, मग भरपूर कांद्याची पात आणि कोथिंबीर. टोमॅटो नाही. गरम मसाला नाही. आमच्या घरात तर हळदही पडत नाही, भरीत हिरवट-पांढरंच दिसलं पाहिजे.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून दळून आणायचं, तो कळणा. भाकरी काळपट होते, चवीला खमंग आणि जरा चिवट. पाहुण्यांना पुऱ्या करतात, लग्नाकार्यात पुरीच असते, पण शेतात बसून खायचं तर कळणाच.

रस्त्यावर हवं असेल तर हिवाळ्यात जळगाव शहरात आणि भुसावळ-फैजपूर-यावल पट्ट्यात भरीत तयार मिळतं, किलोवर तोलून देतात, पुऱ्या वेगळ्या. दुकानामागे राख दिसते का आणि बडगी दिसते का, एवढं बघा.

आणि तिथीचं म्हणाल तर चंपाषष्ठी. खंडोबाचं कुलदैवत असलेल्या घरांत चातुर्मासात वांगं बंद असतं. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की पुन्हा सुरू. थंडीही तेव्हाच नीट पडते. तिथपासून माघापर्यंत आमच्याकडे कुणी पाहुणा भरीत न खाता गेला असं होत नाही.

सह्याद्री_ते_सातपुडा:

वा! मी पुण्याचा, खान्देशात आजवर फक्त रेल्वेच्या खिडकीतून डोकावलोय. या वर्षी आई-वडील आणि दोन मुलांना घेऊन गाडीनं यायचं पक्कं केलंय. तीन गोष्टी विचारतो. मुलं तिखट खात नाहीत, त्यांचं कसं? यात्रेत बाहेरच्यांनी गेलेलं चालतं का? आणि गिरणाकाठ यांनी श्रावणाबद्दल जे लिहिलंय ते नीट कळलं नाही. तेव्हा नेमकं काय असतं, जे रस्त्यावर मिळत नाही?

पांझराकाठ:

राम राम मंडई. धागा वाचीसन भूक लागनी. कानबाईनं मी सांगस. बाकीनं मराठीमा लिखस, सर्वासले समजाले पाहिजे.

नागपंचमीनंतर येणारा पहिला रविवार म्हणजे आमच्या घरी रोटांचा, कानबाई देवीच्या नैवेद्याचा दिवस. नारळाच्या रूपात कानबाई मांडतात, तिला नथ, दागिने, वस्त्र चढवतात. हा नारळ घरात पिढ्यान् पिढ्या जपलेला असतो. रोटांसाठी घरातल्या पुरुषमाणसांच्या संख्येप्रमाणे सव्वा सव्वा मूठ गहू मोजून घेतात. त्याच पिठाच्या पुरणपोळ्या, सोबत खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, कटाची आमटी. सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. नोकरीसाठी सुरत, नाशिक, पुण्याला गेलेले भाऊ त्या रविवारी गाडीत उभ्यानं प्रवास करून येतात, पण येतात. एरवी बांधावरून वर्षभर न बोलणारेही त्या पंगतीत शेजारी बसलेले मी बघितलेत. सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. धुळ्यात पांझरेवर तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

तर सह्याद्री भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. रोट हे भाऊबंदकीनंच खायचे असतात. तुम्ही मित्र असाल, शेजारी असाल, तरी तो घास तुम्हाला कुणी देणार नाही. यात तुमचा अपमान नाही आणि आमचा कंजूसपणा नाही. तुम्हाला दुसरं जेवण पोटभर वाढतील. मिरवणूक मात्र सगळ्यांची. सोमवारी सकाळी नदीवर या, कानबाईची गाणी ऐका, फुगड्या बघा. "आम्हाला रोट चाखायला मिळतील का" असं कुणाच्या दारात विचारू नका, घरातल्या बाईला नाही म्हणताना फार जड जातं.

जुनं_जळगाव:

यात्रेत बाहेरच्यांनी आलेलं चालतं का, याचं उत्तर आमच्या रथापाशी मिळेल.

कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातल्या राम मंदिरापासून श्रीरामाचा रथ निघतो. अप्पा महाराजांनी १८७२ साली ही परंपरा सुरू केली. त्याआधीचे दिवस वहनांचे, रोज वेगळं वहन, म्हणजे देवाचं वाहन, निघतं. रथ लाकडी आणि अवाढव्य, ओढायला माणसं, आणि त्याला आवरायला मोगरीवाले. मोगरी म्हणजे लाकडाचा ठोकळा. चाक ज्या बाजूला वळवायचं त्या अंदाजानं धावत्या चाकाखाली मोगरी लावायची आणि हात क्षणात मागे घ्यायचा. रथ थांबवायचा तोही मोगरीनंच. गल्ली अरुंद, दोन्हीकडे ओटे आणि माणसं, आणि तो डोलारा वितभर अंतर राखून वळतो. मी लहानपणापासून बघतोय, अजूनही त्या वळणावर छातीत धडधडतं. दोराला हात लावायला कुणालाही बंदी नाही. पुण्याचा, मुंबईचा, कुठल्याही जातीधर्माचा, लावा हात.

खाण्याचं म्हणाल तर एकादशी असते, तेव्हा रथाच्या वाटेवर उपवासाचंच. साबुदाणा खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, केळी. दुसऱ्या दिवशी मात्र भरीत शोधा. थंडीत जळगावात आलात तर मेहरूणची बोरंही विचारा. हातगाडीवर पाल्यावर ओतलेली असतात. मोठी नव्हे, मध्यम बघून घ्या.

गिरणाकाठ:

पांझराकाठ भाऊ, रोटांचं इतक्या स्पष्टपणे लिहिलंत, आभार. मला श्रावणाबद्दल हेच म्हणायचं होतं.

सह्याद्री, मुलांच्या तिखटाचं अवघड नाही. ढाब्यावर "फिकं वरण" मागा, वरण-बट्टी मिळाली तर उत्तमच. कणकेचे गोळे आधी उकडून मग तळलेले किंवा भाजलेले, ते वरणात कुस्करायचे आणि वर तूप. मुलं आवडीनं खातात. खिचडीतही मिरची वेगळी काढता येते, वर शेंगदाणे आणि भाजलेला पापड. फुणके मिळाले तर घ्या, भिजवलेल्या डाळी जाडसर वाटून वाफवलेले मुटके, कढीत बुडवून खातात. हे मात्र ढाब्यावर क्वचित, एखाद्या खानावळीत नशिबानं.

दुसरं एक मनात साचलंय ते लिहितो. महामार्ग चौपदरी झाल्यापासून बरीच गावं वळणरस्त्यामुळे बाजूला पडली. पूर्वी एसटी गावाच्या मधून जायची, थांब्यावर भज्यांची कढई आणि चहाची टपरी असायची, उतरलेला माणूस दोन शब्द बोलायचा. आता गाडी शंभरच्या वेगानं गावाला वळसा घालते आणि थांबते ती चकचकीत हॉटेलापाशी. तिथल्या "खान्देशी थाळी"त मला पनीर मिळालं, गोडसर आमटी मिळाली आणि मैद्याची रोटी मिळाली. मालकाला विचारलं तर म्हणाला, बाहेरच्या गिऱ्हाइकाला तेच लागतं. मला हे पटत नाही. बाहेरचा माणूस एवढ्या लांब येतो तो घरी मिळतं तेच खायला नाही. तुमच्यासारख्यांनी कळण्याची भाकरी मागितली, नसेल तर "का नाही" असं विचारलं, तर ती परत ताटात येईल. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, जेवणाच्या वेळेला वळणरस्ता सोडा आणि गावात शिरा. दहा मिनिटं जास्त लागतील. आठवडे बाजार असेल तर अर्धा तास लागेल, पण मग बाजारात उतराच.

बोरीकाठ:

अमळनेरचं नाव आलंच आहे तर लिहितो. संत सखाराम महाराजांची यात्रा वैशाखात, शुद्ध एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी. बोरी नदीचं कोरडं पात्र माणसांनी आणि दुकानांनी भरून जातं. उन्हाचा कडाका असा की दिवसा पात्रात फिरू नका, वयस्कर माणसांना तर नेऊच नका. दिवेलागणीनंतर जा. पाळणे, भांड्यांची दुकानं, आणि कढईपाशी ताजी निघणारी गोडीशेव. गोडीशेव म्हणजे बेसनाची जाड शेव तळून गुळाच्या पाकात घोळलेली. खान्देशातल्या कुठल्याही यात्रेतून माणूस हातात तिची पुडी घेतल्याशिवाय परतत नाही. गरम असताना चिकटते, घरी नेऊन दुसऱ्या दिवशी खा, पाक बसलेला असतो.

या रथाच्या आठ दिवस आधी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणींचा आणि पितरांचा सण. नवी घागर पाण्यानं भरून पुजतात, वर आंबा, खरबूज, सांजोरी ठेवतात. झाडांना झोके बांधतात. आमच्या गल्लीत आखाजीला आलेल्या लेकी रथ बघूनच परततात. आणि आखाजीचं जेवण म्हणजे आमरस आणि खापराची पुरणपोळी, ज्यांना आम्ही मांडे म्हणतो. इथे जरा सविस्तर लिहायला लागेल, पण ते काम बायांचं आहे, लेवाची_लेक ताई, तुम्हीच लिहा.

लेवाची_लेक:

लिहिते की, पण आमच्याकडे हे माझ्या सासूबाईंच्या हातचं, मला जमायला अजून वेळ आहे.

पीठ कपड्यानं गाळलेलं, अगदी मऊ. कणीक सैल भिजवून तेल लावून इतकी तिंबायची की ओढली तर लांबत जावी. पुरण पोळीच्या दुपटीनं भरतात. थोडं लाटून घेतलं की लाटणं बाजूला. पोळी दोन्ही हातांवर घेऊन कोपरापर्यंत फिरवत फिरवत वाढवायची, तिच्या स्वतःच्या वजनानं ती पसरत जाते. हातातलं कडं-बांगडी आधी मागे सारून बांधतात, नाहीतर पोळीला भोक पडतं. मग एका झटक्यात चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. त्या झटक्यात सुरकुती पडली की पोळी गेली. सासूबाई टाकतात तेव्हा ती सपाट बसते, कडेपासून कडेपर्यंत. भाजली की घडी घालून दुरडीत ठेवायची.

ताटात मांडा, वाटीत आमरस, सोबत रशी म्हणजे पुरणाच्या कटाची झणझणीत आमटी, कुरडया आणि पापड. गोड-तिखट आलटून पालटून.

रस्त्यावर मांडे मिळणं कठीण. पण बचत गटांच्या प्रदर्शनात आणि मोठ्या यात्रांत बाया चूल मांडून समोर करून देतात, आणि जळगाव-भुसावळकडे ऑर्डर घेऊन करणाऱ्या बायाही बऱ्याच आहेत. एक मांडा उभ्या-उभ्या करायला किती कष्ट पडतात ते बघितलंत की भावावरून घासाघीस करावीशी वाटणार नाही.

मोलगीरोड:

मी गेली बरीच वर्षं अक्कलकुवा तालुक्यात शिक्षक आहे, मूळचा जळगावचा. सातपुड्यातल्या होळीबद्दल लिहायचं टाळत होतो. हल्ली तिथे कॅमेरे फार झालेत. पण नाही लिहिलं तरी लोक येणारच, तेव्हा नीट माहिती घेऊन यावेत.

होळीच्या आधीच्या आठवड्यात गावोगावी भोंगऱ्या बाजार भरतो. एरवीच्या आठवडे बाजाराला होळीचं रूप येतं. गूळ, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कंगण यांचे ढीग लागतात, कारण होळीच्या पूजेला ते सगळं लागतं. पाड्यापाड्यांतून ढोल येतात. तुम्हाला खाण्यासाठी आणि बघण्यासाठी खरं तर हा बाजार चांगला. गर्दीत सगळ्यांना जागा असते. गरमागरम भजी, जिलेबी, शेव मिळते. आमचूर घ्या, धडगावकडच्या बायका कैऱ्या सोलून उन्हात वाळवतात. मोलगीची भगर घ्या. नंदुरबारहून येत असाल तर लाल मिरचीचा हंगाम असेल, मिरची पसरलेल्या मोकळ्या पथाऱ्या रस्त्यावरूनच दिसतात, नाकाला आधी कळतात.

काठीची राजवाडी होळी पौर्णिमेच्या रात्री. अक्कलकुव्याहून देवगोई घाटानं मोलगी आणि तिथून काठी. लांबलचक बांबूचा दांडा उभा करतात, रात्रभर ढोल आणि नाच, आणि होळी पेटते ती पहाटे. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे बांधलेले जे पुरुष दिसतात, ते नवसाचे असतात. त्यांनी आधी कित्येक दिवस पाळणूक पाळलेली असते. खाण्यापिण्याचे, झोपण्याचे, शिवाशिवीचे कडक नियम असतात. अशा माणसाला खांद्याला धरून "जरा इकडे बघ" म्हणत फोटो काढणारे मी पाहिलेत. ते मला सहन होत नाही. लांबून बघा, विचारून फोटो काढा, आणि नाही म्हटलं तर मोबाईल खिशात ठेवा. दारू पिऊन येऊ नका. राहण्याची सोय गावात नसते, गाडीत पाणी आणि पांघरूण ठेवा.

जेवायला कुणी बोलावलं तर जा. ज्वारीची किंवा मक्याची भाकर, उडदाची दाळ, आमचुराची आंबट चव, एवढंच असेल. घरातलं सगळ्यात चांगलं तेच तुमच्या पुढे आलेलं असतं.

सह्याद्री_ते_सातपुडा:

सर, हे लिहिलंत म्हणून खूप बरं झालं. मुलं लहान आहेत, काठी पुढे कधीतरी. पण भोंगऱ्या बाजार डोक्यात राहिला.

आम्हाला सुट्टी डिसेंबरमध्येच मिळते. तेव्हा भरीत आणि त्यासोबत एखादी यात्रा जमेल का?

शहादेकर:

जमेल म्हणजे काय, तिथी तुमच्याच बाजूनं आहेत. चंपाषष्ठी मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, आणि दत्तजयंती त्याच महिन्याच्या पौर्णिमेला. मध्ये आठ-नऊ दिवस. सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते आणि पुढे बरेच दिवस चालते.

सारंगखेडा तापीच्या काठी, शहादा तालुक्यात, दोंडाईचा-शहादा रस्त्यावर. रेल्वेनं येणाऱ्यांना दोंडाईचा स्टेशन, सुरत-भुसावळ लाईनवर. इथला घोडेबाजार देशभर माहीत आहे. राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेशातून मारवाडी, काठियावाडी घोडे येतात. सकाळी सातच्या सुमाराला या. थंडीत घोड्यांच्या अंगातून वाफ निघत असते, मालक खरारा करत असतात, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला रेवाल चाल काढतात. पाठीवरचा माणूस हलत नाही आणि खाली पाय नुसते वाजत असतात. मुलं तिथून हलणार नाहीत. घोड्याच्या मागून मात्र जाऊ देऊ नका.

देवळात नवसाची गुळाची तुला होते, तो प्रसाद मिळतो. बाहेर गोडीशेव, जिलेबी, मुरमुऱ्यांचा भत्ता. जेवायला तापीच्या काळ्या मातीतल्या दादरची भाकरी मागा. दादर ही रब्बीची ज्वारी, पाण्याशिवाय जमिनीच्या ओलीवर येते. भाकरी पांढरी, मऊ, दुसऱ्या दिवशीही तशीच. हिरव्या मिरचीची भाजी मिळाली तर मोठ्यांनी घ्या, तूरडाळ आणि शेंगदाणे घालून घोटलेली असते. आई-वडिलांना दुधात कुस्करून भाकरी द्या.

गिरणाकाठ:

मग वाट अशी घ्या. जळगावात उतरा, तिथून भुसावळ, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा. हा जुना सातपुड्याच्या पायथ्याचा रस्ता, उजव्या हाताला डोंगर, दोन्ही बाजूंना केळी आणि कपाशी. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं होतं, वडिलांना सांगा, थांबतील. सावदा-फैजपूरच्या बाजूला रस्त्यावरच केळीचे वेफर्स तळतात. माणूस कच्चं केळं किसणीवर धरून थेट उकळत्या तेलावरच चकत्या पाडतो, मग मिठाच्या पाण्याचा एक हबका मारतो, कढई फसफसून उठते आणि खाली बसते. कोमट असतानाच पुडी घ्या, मुलांना तिखटाची भीती नाही.

बुऱ्हाणपूर_रोड:

रावेरपर्यंत आलातच तर अजून थोडं पुढे बुऱ्हाणपूर आहे. आज मध्य प्रदेशात असलं तरी मोगलांच्या खान्देश सुभ्याचं ते ठाणं. मावा जिलेबी खा, काळपट आणि जड, एक पुरते. एवढंच सांगायला आलो.

पांझराकाठ:

सह्याद्री भाऊ, परतताना धुळ्यावरूनच जाशात ना? पांझराकाठी एकवीरा देवीनं दर्शन ल्या, आणि जेवीसन जा.

सह्याद्री_ते_सातपुडा:

नक्की, भाऊ. ठरलं मग. चंपाषष्ठीनंतर दोन दिवसांनी जळगाव, तिथून यावल रस्त्यानं रमतगमत, आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शहादा. लेवाची_लेक ताई, एक विचारू का? शेतातलं भरीत बघायला मिळेल असं एखादं ठिकाण आहे का? दुकानातलं खाऊच, पण मुलांना तो जाळ आणि बडगी दाखवायची आहे.

लेवाची_लेक:

ठिकाण कशाला शोधताय, माझ्या भावाच्या शेतात या. फोन नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवते. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत किती माणसं ते कळवा, वांगी सकाळी तोडायची असतात आणि कळणा दळून आणायचा असतो. दुपारी बाराच्या आत पोचा. मुलांसाठी मिरची न घालता थोडं भरीत बाजूला काढू. आई-वडिलांना खाली बसायला त्रास होत असेल तर तेही कळवा, बांधावर बाज टाकून ठेवायला सांगते.